शाल, श्रीफळ आणि किल्ली

अध्यक्ष म्हणून बोलावणे आले की मराठीच्या प्राध्यापकाला नाही म्हणता येत नाही. आमच्या धंद्यातला हा जुना रोग आहे. कविसंमेलन असो, पाककृतींची स्पर्धा असो, नाही तर एखाद्या पतपेढीचा वर्धापनदिन असो. 'सर, दोन शब्द बोला,' एवढे कुणी म्हटले की आम्ही चष्मा सावरून तयार! त्यामुळे गेल्या उन्हाळ्यात माझ्या पुतण्याने त्यांच्या 'सामायिक कारखान्या'च्या वार्षिक समारंभाचे आमंत्रण आणले, तेव्हा ते मी तत्काळ स्वीकारले यात नवल नाही.

हा कारखाना म्हणजे काय, ते आधी सांगायला हवे. आमच्या कोल्हापुरात 1850 सालापासून करवीर नगर वाचन मंदिर आहे. तिथे वर्गणी भरून जशी पुस्तके वापरायची, तशी इथे वर्गणी भरून हत्यारे वापरायची. एका जुन्या गोदामात एक लेथ, दोन ड्रिल, सुताराचा बाक, कानशी, पाने, आणि संगणकावरच्या आकृतीवरून प्लॅस्टिकची वस्तू थराथराने उभी करणारे एक नवलाईचे यंत्र. ज्याला जे सुचेल ते त्याने स्वतःच्या हातांनी करावे. कल्पना अगदीच परकी नाही. पुणे जिल्ह्यात पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 साली विज्ञान आश्रम काढला. गावाला लागणारी खरीखुरी कामे करता करता मुलांनी शिकावे, हा त्यांचा आग्रह. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेने 'फॅब लॅब' नावाच्या सार्वजनिक कार्यशाळा जगभर सुरू केल्या, तेव्हा अगदी आरंभीच्या कार्यशाळांपैकी एक 2002 साली या पाबळातच उभी राहिली.

तर समारंभ झाला. पुतण्याने हाती दिलेल्या कागदावरून मी खणखणीत आवाजात अकरा नावे वाचली. देणगीदार झाले, कार्यकारिणी झाली, जागेचे मालक झाले. प्रत्येकाला शाल, श्रीफळ आणि टाळ्या. त्या वेळी मागच्या बाजूला एक वृद्ध गृहस्थ खुर्च्या मांडीत होते. मला वाटले, मांडववाल्याचा माणूस असेल.

ते तात्या होते. शिवाजी उद्यमनगरात उभे आयुष्य लेथवर काढून निवृत्त झालेले टर्नर. गेली दोन वर्षे रोज सायंकाळी ते कारखान्यात येत, बोथट झालेल्या ड्रिलना धार लावीत, यंत्रांना तेल घालीत, पाने जागच्या जागी टांगीत आणि नवख्या पोरांचा हात धरून कानस कशी चालवावी ते दाखवीत. अकरा नावांत त्यांचे नाव नव्हते.

दुसऱ्या दिवसापासून तात्या आले नाहीत. आणि गंमत अशी की, ही गोष्ट आठ दिवस कुणाच्या ध्यानातही आली नाही! ध्यानात आले ते वेगळेच. ड्रिल बोथट झाली, म्हणून पोरे ती जोराने दाबू लागली. जोराने दाबली म्हणून ती मोडू लागली. तेराचा पाना सापडेना. नवे सभासद अर्धा तास हत्यार शोधीत आणि घरी जात. महिन्याभरात वर्गणी निम्म्यावर आली. मग कार्यकारिणीने सभासदांच्या सोयीसाठी पंखे घ्यावेत की चहाचे यंत्र, यावर मोबाईलवर तीन दिवस खल केला. चौथ्या दिवशी एका मुलीच्या ओढणीचे टोक लेथच्या पट्ट्यात गेले. शेजारच्याने चपळाईने बटण बंद केले, म्हणून निभावले.

त्याच रात्री पुतण्या माझ्याकडे आला. "काका, तात्यांकडे जायचंय. मला एकट्याला तोंड दाखवायला होत नाही." तोंड मलाही दाखवायचे नव्हते, नावे तर मीच वाचली होती.

तात्यांनी आम्हांला बसवले, चहा दिला. मी क्षमेचे भाषण सुरू करताच ते हसले. "शालीचं काय घेऊन बसलाय सर? ढीग पडलाय घरात. पर त्या पट्ट्याला जाळी बसवा, म्हणून मी पावसाळ्यापास्नं सांगत हुतो. तीनदा सांगितलं. ऐकलं का कुणी?"

पुतण्याने मान खाली घातली. मी मात्र परतताना विचार करीत राहिलो. खंडेनवमीला आपण हत्यारांची पूजा करतो, त्यांना हळदकुंकू लावतो. पण त्या हत्यारांना धार लावणारा हात आपल्याला दिसत नाही. आणि दिसलाच, तर आपण त्याला शाल पांघरून मोकळे होतो! आमच्या तालमींना हे अधिक चांगले कळते. तिथल्या हौद्यातली माती पठ्ठे स्वतःच उकरतात. कुस्ती शिकायची तर आधी खोरे हाती घ्यायचे. आणि वस्तादाचा मान शालीत नसतो. 'थांब' म्हटल्यावर पठ्ठा थांबतो, यात तो असतो. फॅब लॅबच्या सनदेतही नेमके हेच आहे. माणसाला वा यंत्राला इजा होऊ द्यायची नाही, साफसफाई व देखभालीला हात लावायचा, आणि आपल्याला येते ते दुसऱ्याला शिकवायचे. ही वापरणाऱ्याचीच जबाबदारी. तालीम आणि एमआयटी यांचे एकमत व्हावे, हा योग विरळाच!

पुढच्या रविवारी जाळी बसली. ती तात्यांनी सांगितलेल्या मापाने पोरांनी केली. दाराशी एक फळा लागला. एका बाजूला सभासदाने तक्रार लिहायची, दुसऱ्या बाजूला ती कुणी दूर केली त्याचे नाव आणि तारीख. कोणते यंत्र चालू ठेवायचे आणि कोणते बंद, हे तात्या ठरवतील असा ठराव झाला. आणि कुलपाची एक किल्ली त्यांच्याकडे गेली. नव्या सभासदाला पहिला आठवडा झाडू आणि तेलाची बुधली. ही अट ऐकून दोघेतिघे नाराज होऊन गेले, हे खरे. पण राहिले ते टिकले. हत्यार कुठे असते, हे त्यांना पहिल्याच आठवड्यात कळले होते.

गेल्या आठवड्यात मी तिथे गेलो, तेव्हा पोरांची आकाशकंदिलांच्या सांगाड्यांची धांदल चालली होती. फळ्यावर उजव्या बाजूला दहाबारा निरनिराळी नावे होती. मीही उत्साहाने म्हणालो, "तात्या, एक कंदील मी करतो!"

तात्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिले आणि कोपऱ्यातला झाडू माझ्या हातात दिला.

"करा की सर. पर पुढच्या आठवड्यात."