रक्तदाबाची गोळी सुरू, कारणाचा शोध बाकी

उच्च रक्तदाबाचे निदान झाले की गोळी सुरू होते. ती पुरेनाशी झाली की दुसरी जोडली जाते. रक्तदाब मुळात कशाने वाढला, हा प्रश्न मात्र बहुतेक रुग्णांच्या बाबतीत अनुत्तरितच राहतो. अमेरिकेतील एंडोक्राइन सोसायटीने जुलै २०२५ मध्ये जाहीर केलेल्या मार्गदर्शक सूचनांनी नेमके याच उणिवेवर बोट ठेवले आहे. उच्च रक्तदाबाच्या प्रत्येक रुग्णाची 'प्रायमरी अल्डोस्टेरॉनिझम' या विकारासाठी रक्ततपासणी करावी, असे त्यांत सुचविले आहे. २०१६ च्या सूचनांत ही तपासणी निवडक रुग्णांपुरतीच होती.

मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथी या विकारात अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक गरजेपेक्षा अधिक स्रवतात. त्यामुळे शरीरात मीठ व पाणी साठते आणि रक्तदाब चढतो. मिशिगन विद्यापीठातील डॉ. जेरोम कॉन यांनी १९५५ मध्ये या विकाराचे वर्णन केले. रक्तातील पोटॅशियम घटले तरच संशय घ्यायचा, अशी रीत पुढे पडली. प्रत्यक्षात बहुसंख्य रुग्णांचे पोटॅशियम सर्वसाधारण असते आणि येथेच निदान हुकते. ही चूक महागात पडते. कारण तेवढाच रक्तदाब असलेल्या इतर रुग्णांपेक्षा यांना पक्षाघात व हृदयविकाराचा धोका अधिक असतो.

निदानाची पहिली पायरी सोपी आहे. रक्तातील अल्डोस्टेरॉन व रेनिन मोजले जाते; पहिले वाढलेले आणि दुसरे दबलेले आढळल्यास संशय बळावतो. दोष एकाच ग्रंथीत असल्यास शस्त्रक्रियेने अनेकांचा विकार बरा होतो. दोन्हींत असल्यास स्पायरोनोलॅक्टोनसारखे जुने, स्वस्त औषध उपयोगी पडते.

भारतापुढील पेच वेगळा आहे. आयसीएमआरच्या २०२३ मधील अहवालानुसार देशात उच्च रक्तदाबाचे सुमारे ३१.५ कोटी रुग्ण आहेत. त्यांतील ५ टक्क्यांना जरी हा विकार असला, तरी ही संख्या दीड कोटींवर जाते. प्राथमिक आरोग्य केंद्रांत रक्तदाब मोजून गोळ्या देण्याची सोय आहे, पण ही संप्रेरक तपासणी तेथे होत नाही. दोष कोणत्या ग्रंथीत आहे हे ठरविण्यासाठी शिरेतून नमुने घेण्याची सुविधा तर मोजक्याच मोठ्या रुग्णालयांत आहे.

प्रत्येकाची तपासणी आज शक्य नसली, तरी कमी वयात रक्तदाब जडलेल्या आणि तीन औषधांनाही दाद न देणाऱ्या रुग्णांपासून प्रारंभ करता येईल. चौथी गोळी लिहिण्यापूर्वी एक रक्ततपासणी लिहिली जाणे, एवढा बदलही अनेकांचे आयुष्य वाचवू शकेल.