ताटाचा हिशेब झाला, वावराचा कोण करणार?



अनुशेषाच्या १९८४ च्या अहवालामुळे वि. म. दांडेकरांचे नाव मराठवाड्याला ठाऊक आहे. त्याआधी, १९७१ साली, पुण्याच्या गोखले संस्थेतल्या या अर्थशास्त्रज्ञाने नीळकंठ रथांबरोबर देशातल्या दारिद्र्याचा हिशेब मांडला होता. माणसाला रोज २२५० उष्मांक हवेत. १९६०-६१ च्या भावाने खेड्यात महिन्याला दरडोई १५ रुपये खर्चू शकणाऱ्यालाच तेवढे अन्न मिळत होते. तेवढेही न जमणारे शेकडा ४० निघाले. भूक नुसती कोठारात नसते, कनवटीला असते, हे त्यांनी आकड्यांनी दाखवले.

तो हिशेब आम्हाला मान्य आहे. पण त्यात खाणारा दिसतो, पिकवणारा दिसत नाही. कापसाचा भाव पडला की आमच्या घरातली डाळ, तेल, दूध आधी आटते. ते कोणत्या रकान्यात लिहायचे?

२०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने माणशी पाच किलो धान्य ठरवले. तांदूळ ३ रुपये, गहू २ रुपये आणि भरडधान्य १ रुपया! आमच्या ज्वारीची पायरी शेवटची. जानेवारी २०२३ पासून धान्य फुकट झाले, पण भर गहू-तांदळावरच राहिला. पोट भरले, अंगात रक्त नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या ५४ बायांना रक्तक्षय आढळला.

आणि औषध कुठे आहे? आमच्याच परभणीत! कृषी विद्यापीठाने २०१८ साली 'परभणी शक्ती' हा जास्त लोह-जस्ताचा ज्वारीचा वाण दिला. तरी शेतकरी ज्वारी का सोडतो? पावसात कणीस काळे पडते, पाखरे खातात, काढणीला मजूर मिळत नाही, आणि बाजारात व्यापारी म्हणेल तो भाव. २०२५-२६ साठी संकरित ज्वारीचा हमीभाव ३६९९ रुपये क्विंटल जाहीर झाला. घेणारा नसेल तर जाहीर भाव म्हणजे भिंतीवरचे जेवण.

रेशन बंद करा असे आम्ही म्हणत नाही. शेतमजुराची चूल त्यावर पेटते. आमचे म्हणणे एवढेच, की त्या पिशवीत इथली ज्वारी घाला आणि ती हमीभावाने, वेळेवर, रोख घ्या.

जिल्हा बैठकीला येताना प्रत्येकाने ज्वारीचा एकरी खर्च कागदावर लिहून आणावा. घरच्या बाईची मजुरीही त्यात धरावी. ताटाचा हिशेब दांडेकरांनी मांडला. वावराचा आपणच मांडू.