दुकानात नोकर दोन, मालक चार!

हेन्री फेयॉल हा फ्रान्समधल्या एका खाण कंपनीचा प्रमुख. १९१६ साली त्यानं व्यवस्थापनाची १४ तत्त्वं मांडली. लोक म्हणतात, हे सगळं मोठ्या कंपन्यांसाठी. माझं मत उलटं आहे.

त्याचं पहिलं तत्त्व कामाची वाटणी. लातूरच्या आडत बाजारात बघा. हमाल पोती उतरवतो, मापाडी वजन करतो, मुनीम हिशोबपट्टी करतो. म्हणून सोयाबीनच्या सीझनलाही गाडं चालतं.

दुसरं एक तत्त्व म्हणजे एका माणसाला हुकूम देणारा एकच. इथंच आपलं घरचं दुकान मार खातं. वडील म्हणतात गोडाऊनला जा, भाऊ म्हणतो गिऱ्हाईक बघ. पोरगं कुणाचं ऐकणार? काम अर्धवट राहतं, बोलणी त्यालाच बसतात, आणि कामात तयार झालेलं पोरगं शेवटी दुसऱ्याच्या दुकानात जातं.

म्हणून नांदेडला वजिराबादेत दुकान टाका नाहीतर गावात, शटर उघडायच्या आधी घरात बसून ठरवा. खरेदी कुणाची, गल्ला कुणाकडं, पोरांना काम सांगणार कोण. वडिलांना वाईट वाटेल, मान्य. उधारी कुणाला द्यायची, याचा शेवटचा शब्द त्यांना द्या. गिऱ्हाईक त्यांच्याइतकं कुणीच ओळखत नाही. पण नोकराला हुकूम एकाच तोंडून जाऊ द्या.