कलमाचा उत्तरार्धही वाचा



ऑक्टोबर लागला की स्तनाच्या कॅन्सरच्या जागृतीसाठी गुलाबी फिती, गुलाबी दिवे आणि पहाटेच्या वॉकेथॉनचे फोटो सुरू होतात. तुमच्या रविवारच्या अंकातही ते होते. दुसऱ्याच दिवशी माझ्या नणंदेच्या हाती विमा कंपनीचे पत्र पडले : स्तनाच्या पुनर्रचनेची शस्त्रक्रिया 'कॉस्मेटिक' आहे, सबब कॅशलेस नामंजूर. ठरलेली तारीख रद्द करावी लागली.

त्या रात्री मी तिची पॉलिसी शेवटच्या पानापर्यंत वाचली. काय मिळणार नाही त्या यादीत कॉस्मेटिक व प्लास्टिक सर्जरीचे कलम आहेच. पण अपघात, भाजणे किंवा कॅन्सर यांनंतरची पुनर्रचना त्यातून वगळली आहे, हेही त्याच वाक्यात छापलेले आहे! आणि हे काही या एका कंपनीचे औदार्य नव्हे. विमा नियामक 'आयआरडीएआय'ने २०१९ साली सगळ्या कंपन्यांना हे शब्द ठरवून दिले. वाक्याचा पूर्वार्ध पत्रात उतरवायचा आणि उत्तरार्ध झाकून ठेवायचा, याला फसवणूक म्हणायचे नाही तर काय?

दीड वर्षापूर्वी तिचा डावा स्तन काढला. तेव्हापासून जुन्या सुती साडीच्या तुकड्याची पिशवी शिवून, त्यात कापूस आणि मूठभर मोहरी भरून ती ब्लाउजला आतून टाचते. मोहरी वजनासाठी, नुसता कापूस असला की ती बाजू वर सरकते. वाकून केर काढताना तिचा एक हात पदरावर असतो. भाचीच्या लग्नात फोटोला ती मागच्या रांगेत, तिरकी उभी राहिली. आणि कंपनीसाठी दावे हाताळणाऱ्या 'टीपीए'चा माणूस फोनवर मला विचारतो, "पेशंट ५३ वर्षांच्या आहेत ना, मग आता गरज काय?" गुडघा बदलताना हा प्रश्न कोणी विचारत नाही. पुनर्रचनेसाठी पोटाची त्वचा आणि चरबी छातीवर आणून सूक्ष्मदर्शकाखाली त्या भागाच्या रक्तवाहिन्या जोडणे, हे नटणे-मुरडणे आहे का?

अमेरिकेत १९९८ च्या कायद्याने, स्तन काढण्याचा खर्च देणाऱ्या विमा योजनेला पुनर्रचनेचा, दुसरा स्तन त्याच्या बरोबरीचा करण्याचा आणि कृत्रिम स्तनाचाही खर्च द्यावाच लागतो. आपल्या देशात २०२२ या एका वर्षात स्तनाच्या कॅन्सरचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण निघाले, असा जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेचा अंदाज आहे. त्यांतल्या किती जणींनी असे पत्र आल्यावर मुकाट्याने फाइल कपाटात ठेवली असेल?

डॉक्टरांवरही माझा राग आहे. नणंदेच्या जाडजूड फाइलमध्ये पुनर्रचना हा शब्द एकदाही नाही. काहींना ती त्याच ऑपरेशनमध्ये करता येते. रेडिएशन किंवा दुसऱ्या कारणाने थांबावे लागले तरी नंतर करता येते. स्तन काढण्याआधी एवढे सांगायला दोन मिनिटे लागली नसती. तिला हे केमोच्या वेळी शेजारच्या खाटेवरच्या बाईकडून कळले.

ज्या भगिनींना असे पत्र आले असेल त्यांनी गप्प बसू नये. आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा आलेले पटले नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जावे. मुंबईत आणि पुण्यात त्यांची कार्यालये आहेत. फी नाही, वकील लागत नाही. आमची तक्रार बुधवारी कंपनीकडे गेली. सोबत त्या कलमाची प्रत जोडली आहे, उत्तरार्धाखाली लाल रेघ मारून.

– एक वाचक, सातारा