सरकारी वकील नेमका कोणाचा?

एखाद्या गाजलेल्या खटल्याचा निकाल लागला की 'सरकारी वकील जिंकले' किंवा 'हरले' असे मथळे आपण वाचतो. आपल्या न्यायव्यवस्थेला ही भाषा अभिप्रेत नाही. फौजदारी गुन्हा हा समाजाविरुद्धचा अपराध मानला जातो, म्हणून खटला राज्याच्या वतीने चालतो. परंतु तो चालवणारा सरकारी अभियोक्ता पोलिसांचा वकील नसून न्यायालयाचा सहायक असतो. आरोपीला अनुकूल असलेला पुरावा हाती आला, तर तोही न्यायासनापुढे ठेवणे त्याचे कर्तव्य आहे.

हे कर्तव्य दोन्ही बाजूंनी चुकू शकते. १ मार्च २००२ रोजी बडोद्यात बेस्ट बेकरीत १४ जणांचे बळी गेले. साक्षीदार फितूर झाले आणि जून २००३ मध्ये सर्व २१ आरोपी सुटले. साक्षीदार एकामागून एक उलटत असताना सरकारी वकील काय करीत होते? सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २००४ मध्ये नेमका हाच ठपका ठेवला. त्यांचे वर्तन बचाव पक्षाच्या वकिलासारखे होते असे म्हणत न्यायालयाने खटला महाराष्ट्रात नव्याने चालवण्याचा आदेश दिला. मुंबईत २००६ मध्ये ९ जणांना जन्मठेप झाली. त्यांपैकी ४ जणांची शिक्षा उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये कायम केली. तोच गुन्हा, परंतु खटला प्रामाणिकपणे चालवला गेल्यावर निकाल निराळा लागला.

दुसऱ्या टोकाचे उदाहरण आपल्या अधिक जवळचे आहे. येशूसंघीय फादर स्टॅन स्वामी यांना ऑक्टोबर २०२० मध्ये, वयाच्या ८३व्या वर्षी, अटक झाली. कंपवातामुळे त्यांना पेला धरता येत नसे. पिण्याची नळी व झाकणाचा पेला परत मिळावा, असा अर्ज त्यांनी ६ नोव्हेंबरला केला. उत्तरासाठी अभियोग पक्षाने २० दिवस मागून घेतले. त्यानंतर उत्तर आले की या वस्तू आमच्याकडे नाहीतच. जामिनाला विरोध करणे अभियोग पक्षाच्या अधिकारात होते, हे आम्ही मान्य करतो. पण एका नळीसाठी २० दिवस? खटला उभा राहण्यापूर्वीच, ५ जुलै २०२१ रोजी, वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात फादरांचे निधन झाले.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत एक स्वागतार्ह तरतूद आहे. सरकारी वकिलाला खटला मागे घ्यायचा असेल, तर पीडिताचे म्हणणे ऐकल्याविना न्यायालय तशी परवानगी देऊ शकत नाही. शिवाय न्यायालयाच्या अनुमतीने पीडिताला अभियोग पक्षाच्या मदतीसाठी स्वतःचा वकील नेमता येतो. ही सोय जुन्या कायद्यातही होती, परंतु आपल्या किती कुटुंबांना ती ठाऊक होती? सात वर्षे वकिली केलेली व्यक्ती सरकारी अभियोक्ता होण्यास पात्र ठरते. आपल्या धर्मग्रामांतून वकील झालेले तरुण-तरुणी आता कमी नाहीत. या पदाकडे वळलेले मात्र आमच्या पाहण्यात फारच थोडे आहेत.