पाचव्या महिन्याची सोनोग्राफी ‘नॉर्मल’ होती, मग बाळाच्या मेंदूत दोष कसा निघाला?

बाळाच्या मेंदूत जन्मजात दोष आहे असं कळलं की घरचे आधी गरोदरपणाची फाइल काढतात. तिथे ‘नॉर्मल’ लिहिलेलं असतं आणि राग डॉक्टरांवर निघतो. दर वेळी तो रास्त असतोच असं नाही.

18 ते 20 आठवड्यांच्या अ‍ॅनॉमली स्कॅनमध्ये कवटी नसणं, मणक्यात मोठी फट असणं असे दोष बहुतेक वेळा दिसतात. पण मेंदूच्या वळ्या मुख्यतः त्यानंतर पडतात. त्यामुळे वळ्या नसलेला गुळगुळीत मेंदू, म्हणजे लिसेन्सेफॅली, तेव्हा ओळखणं जवळपास अशक्य असतं. डोकं लहान राहिल्याचंही अनेकदा सातव्या-आठव्या महिन्यात लक्षात येतं.

कायद्यालाही याची दखल घ्यावी लागली. 2021च्या दुरुस्तीनुसार वैद्यकीय मंडळाने गर्भात गंभीर दोष असल्याचं निदान केलं, तर गर्भपाताला 24 आठवड्यांची मर्यादा लागू होत नाही. जानेवारी 2023मध्ये गर्भ 32 आठवड्यांपुढे गेलेल्या, मायक्रोसेफॅलीच्या एका प्रकरणात मंडळाने नकार दिला होता. मुंबई उच्च न्यायालयाने मात्र निर्णय त्या महिलेचाच, असं सांगून परवानगी दिली.

जन्मानंतर काय? टाळू उघडी असेपर्यंत तिच्यातून डोक्याची सोनोग्राफी होते. भूल नको, किरणोत्सर्ग नाही. बारकावे मात्र एमआरआयच दाखवतो. त्यासाठी लहान मुलाला बहुधा झोपेचं औषध द्यावं लागतं. दोन वर्षांखालच्या मुलाचा मेंदू अजून घडत असतो, त्यामुळे काही दोष पहिल्या एमआरआयमध्ये दिसत नाहीत. डॉक्टरांनी तो पुन्हा करायला सांगितला, तर ती दर वेळी पैसे काढायची युक्ती नसते.

इंदापूरहून पुणं सुमारे 140 किलोमीटर. तिथल्या तज्ज्ञांकडे जाताना नुसता रिपोर्ट नेऊ नका, सीडीही न्या. त्यांना चित्रं स्वतः पाहायची असतात.

पहिली शंका मात्र गावातच येऊ शकते. अंगणवाडीत येणारी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं मुलांची मोफत तपासणी करतात. साध्या टेपने मोजलेला डोक्याचा घेर, चार-पाच महिन्यांनंतरही मान न धरणं, वारंवार झटके, एवढ्यावरून मूल पुढे पाठवता येतं. बारामती-इंदापूरच्या फडांवर हंगामापुरत्या येणाऱ्या ऊसतोड कुटुंबांची मुलं मात्र या तपासणीतून सहज सुटतात. पथक गावी येतं तेव्हा ती फडावर असतात.