रूळ आले, रुई गेली

अमरावती जिल्ह्यात चांदूर नावाची तालुक्याची दोन गावे आहेत. एकाची ओळख बाजारावरून होते, दुसऱ्याची रेल्वेवरून. चांदूर रेल्वे हे नाव उच्चारताना ती रेल्वे कोणाच्या पैशाने आली आणि कोणासाठी आली, हा प्रश्न आज सहसा कोणी विचारीत नाही. परंतु दावोसला झालेल्या करारांचे आकडे ज्या काळात प्रगतीचा पुरावा म्हणून जनतेपुढे ठेवले जातात, त्या काळात हा जुना प्रश्न पुन्हा विचारणे अगत्याचे झाले आहे. परकीय भांडवल आले म्हणजे प्रदेशाचा विकास झाला, हे समीकरण खरे असते, तर वऱ्हाड आज महाराष्ट्रातील सर्वांत संपन्न प्रदेशांपैकी एक असता. कारण परकीय भांडवलाची ओळख या प्रदेशाला पुण्या-चाकणच्या कितीतरी आधी झाली होती.

१८५३ साली निजामाकडून वऱ्हाड कंपनी सरकारच्या कारभाराखाली आले. त्याच वर्षी मुंबई-ठाणे गाडी धावली. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस बंद झाला आणि लँकेशायरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडच्या काळ्या जमिनीवर खिळली. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग भुसावळ, अकोला, बडनेरा, चांदूर, धामणगाव असा १८६७ मध्ये नागपूरला पोचला. पाठोपाठ १८७० मध्ये खामगावला आणि लगेच अमरावतीला फाटे निघाले. हा वेग कौतुकास्पद खरा. पण त्यामागील करारही पाहिला पाहिजे. १८४९ च्या करारान्वये या कंपनीच्या भांडवलावर पाच टक्के परताव्याची हमी सरकारने दिली होती आणि जमीनही मोफत दिली होती. नफा कमी पडला, तर तूट हिंदुस्थानच्या महसुलातून भरून द्यायची. म्हणजे भांडवल लंडनचे, नफा लंडनचा आणि जोखीम मात्र सारा भरणाऱ्या शेतकऱ्याची! खाजगी साहस म्हणून ज्याचा गौरव होतो, त्यातील साहसाचा भाग येथल्या कुणब्याच्या माथी मारलेला होता.

या रेल्वेने काहीच दिले नाही असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. कापसाचा पेरा वाढला, शेतकऱ्याच्या हाती रोख पैसा आला, जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले, अमरावती, अकोला, खामगाव ही शहरे वाढली. रॅली ब्रदर्स आणि स्वित्झर्लंडची व्होल्कार्ट ब्रदर्स यांसारख्या युरोपीय पेढ्या वऱ्हाडच्या बाजारात खरेदीला उतरल्या. परंतु या सर्व व्यवहाराची दिशा एकच होती. सरकी काढायची, गाठी बांधायच्या आणि त्या मुंबईच्या बंदराकडे रवाना करायच्या, एवढेच काम वऱ्हाडच्या वाट्याला आले. सूत, कापड, रंग, यंत्रे, विमा, जहाजवाहतूक आणि पतपेढी या प्रत्येक टप्प्यावरील नफा अन्यत्र गेला. उलट मँचेस्टरचे सूत आणि कापड त्याच रुळांवरून आत आले आणि गावोगावच्या सूतकताईचा व्यवसाय मोडीत निघाला. १८९९-१९०० च्या दुष्काळात रेल्वेचे जाळे असलेल्या याच प्रदेशात माणसे अन्नान्न करीत मेली. दारापुढे रूळ असणे आणि घरात धान्य असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे त्या वर्षाने निर्विवाद सिद्ध केले.

मूर्तिजापूरहून एकीकडे यवतमाळला आणि दुसरीकडे अचलपूरला जाणाऱ्या ‘शकुंतला’ची कथा याहून बोलकी आहे. किलिक निक्सन या ब्रिटिश पेढीने स्थापन केलेल्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीने विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात ही अरुंद रेल्वे बांधली ती कापसासाठीच. देश स्वतंत्र झाला, रेल्वेचे राष्ट्रीयीकरण झाले. पण ही कंपनी त्यातून सुटली. गाड्या भारतीय रेल्वेने चालवायच्या आणि कराराप्रमाणे कंपनीला मोबदला द्यायचा, अशी विलक्षण व्यवस्था स्वातंत्र्यानंतर कित्येक दशके चालू राहिली. मँचेस्टरला बनलेले वाफेचे इंजिन तेथे १९९४ पर्यंत धावत होते. हौशी प्रवाशांना त्यात रम्यता दिसे; अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला मात्र तेथे असे भांडवल दिसते, जे एकदा गुंतवले गेले आणि ज्याने त्या प्रदेशासाठी पुन्हा काही उभे केले नाही. अखेर गाड्याच थांबल्या.

हा सारा गतकाळ झाला, आता परिस्थिती पालटली आहे, असे सांगण्यात येते. परिस्थिती पालटली आहे हे खरेच. किती आणि कोणासाठी, एवढेच पाहावयाचे. ऑक्टोबर २०१९ पासूनच्या केंद्र सरकारच्या आकडेवारीप्रमाणे देशात आलेल्या परकीय थेट गुंतवणुकीपैकी सुमारे ३० टक्के एकट्या महाराष्ट्रात आली. जानेवारी २०२५ मध्ये दावोस येथे राज्य सरकारने १५ लाख कोटी रुपयांहून अधिक रकमेचे सामंजस्य करार केले, आणि त्यांतील अनेक तर भारतीय कंपन्यांशीच होते. या भव्य आकड्यांतून चांदूर रेल्वेच्या शेतमजुराला काय कळणार? केंद्राची आकडेवारी राज्यापाशी येऊन थांबते. मुंबई, पुणे आणि ठाण्याच्या संपन्नतेची सावली अकोल्या-अमरावतीवर पाडून ‘महाराष्ट्र पहिला’ म्हणणे सोपे आहे. सरासरी ही मोठी दयाळू गोष्ट असते. ती उपाशी माणसालाही अर्धी भाकरी खाल्ल्याचे प्रमाणपत्र देते.

प्रादेशिक असमतोलाचे मोजमाप या राज्यात यापूर्वी झालेले आहे. १९८३ मध्ये नेमलेल्या वि. म. दांडेकर समितीने १९८४ साली ३,१८६ कोटी रुपयांचा अनुशेष काढला. त्यातील सुमारे ३९ टक्के विदर्भाचा होता. १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळे आली. एप्रिल २०२० मध्ये त्यांची मुदत संपली, तेव्हा ती वाढवण्यात आली नाही. ज्या यंत्रणेने असमतोल मोजायचा ती थांबवायची आणि गुंतवणुकीचे आकडे मात्र वाजतगाजत मिरवायचे, यात कोणते नियोजन आहे?

युरोपातील देशांचा दाखला या संदर्भात वारंवार दिला जातो, विशेषतः आयर्लंडचा. तो दाखला अवश्य घ्यावा. परंतु पुरता घ्यावा. करसवलतींनी अमेरिकन कंपन्या आयर्लंडमध्ये आल्या हे अर्धेच सत्य आहे. त्या देशाने १९६७ मध्ये माध्यमिक शिक्षण मोफत केले, पाठोपाठ प्रादेशिक तंत्रमहाविद्यालये काढली. १९८२ मध्ये सरकारनेच करवून घेतलेल्या टेलेसिस अहवालाने परकीय कंपन्यांवरील अवलंबनाबद्दल स्पष्ट इशारा दिला आणि स्वदेशी निर्यातक्षम उद्योगांवर भर देण्यास सांगितले. आणि इतके करूनही २०१५ साली काय झाले? त्या वर्षी आयर्लंडचे देशांतर्गत उत्पादन सुमारे २६ टक्क्यांनी वाढल्याचे जाहीर झाले. एवढी वाढ शेतात झाली नव्हती, कारखान्यातही नव्हती. बहुराष्ट्रीय कंपन्यांनी आपली पेटंटे आणि बौद्धिक मालमत्ता हिशेबवहीत त्या देशाच्या नावावर आणली, एवढेच त्यामागचे मुख्य कारण होते. शेवटी तेथील सांख्यिकी कार्यालयाला लोकांचे खरे उत्पन्न दाखविणारे वेगळे मापक तयार करावे लागले.

दुसरे उदाहरण नोकियाचे. जर्मनीतील बोखम येथील कारखान्याला सरकारी तिजोरीतून कोट्यवधी युरोंची मदत मिळाली होती. जानेवारी २००८ मध्ये कंपनीने तो बंद करून उत्पादन स्वस्त मजुरीच्या रुमानियात नेण्याचे जाहीर केले; सुमारे २,३०० कामगार रस्त्यावर आले. रुमानियातील क्लुजजवळच्या जुकू गावात आनंदीआनंद झाला. तो किती टिकला? २०११ मध्ये जुकूचा कारखानाही बंद झाला आणि काम आशियाकडे गेले. बोखमच्या कामगाराचे दुःख ते जुकूच्या कामगाराचे सुख, असा समज करून देणाऱ्या व्यवस्थेने दोघांनाही एकाच रांगेत आणून उभे केले. मात्र एक फरक येथे नोंदला पाहिजे. बोखम ज्या राज्यात आहे त्या नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालियाच्या सरकारने अनुदान परत मागितले आणि वाटाघाटींनंतर कंपनीला बोखममधील नव्या रोजगारासाठी निधी द्यावा लागला. प्रादेशिक मदत घेणाऱ्या मोठ्या उद्योगाने ती गुंतवणूक त्या भागात किमान पाच वर्षे टिकवली पाहिजे, असा युरोपीय संघाचा नियम आहे. भांडवलशाही देशसुद्धा भांडवलाला अटी घालतात. मग अटीचे नाव काढताच येथे ‘उद्योग पळून जातील’ अशी ओरड का व्हावी?

परकीय भांडवलाला सरसकट विरोध करण्याचे येथे प्रयोजन नाही. इंग्लंडमधील संडरलँडला १९८६ मध्ये आलेल्या निसानने जहाजबांधणी बुडत असलेल्या त्या भागात टिकाऊ रोजगार दिला, हेही मान्य केले पाहिजे. भांडवल परके की स्वदेशी, हा प्रश्न दुय्यम आहे. ते प्रदेशात मुरते की प्रदेशातून वाहून जाते, हा खरा प्रश्न आहे. पावसाचे पाणी पडते सर्वत्र. बांध ज्याने घातला त्याच्या शेतात ते मुरते, ज्याने घातला नाही त्याची मातीही घेऊन जाते. शिक्षण, सिंचन, स्थानिक खरेदी, कामगार संघटना आणि जाब विचारणारी लोकशाही हे ते बांध होत.

हे बांध घालण्याची वेळ आताच आहे. समृद्धी महामार्ग धामणगाव, चांदूर रेल्वे आणि नांदगाव खंडेश्वर या तीन तालुक्यांतून गेला. जून २०२५ मध्ये तो मुंबईच्या वेशीपर्यंत पूर्ण झाला. दीडशे वर्षांपूर्वी लोखंडाची वाट झाली, आता काँक्रीटची झाली. त्याच जिल्ह्यात पीएम मित्र वस्त्रोद्योग उद्यानाची पायाभरणी २० सप्टेंबर २०२४ रोजी झाली आहे. सुमारे १,००० एकरांचे हे उद्यान देशी-परदेशी गुंतवणूक आणील, शेतातील कापूस येथेच कापड होऊन परदेशी जाईल, असे आश्वासन आहे. कल्पना उत्तम आहे. किंबहुना वऱ्हाडची ही शंभर वर्षांची मागणी आहे. परंतु ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्र सरकारने कापसावरील ११ टक्के आयातशुल्क माफ केले आणि ती माफी वर्षअखेरपर्यंत वाढवली, ती नेमकी वऱ्हाडचा कापूस बाजारात येण्याच्या हंगामात! उद्यान वऱ्हाडच्या जमिनीवर आणि गाठी मात्र परदेशच्या, असे घडणार असेल, तर शेतकऱ्याच्या पदरी पुन्हा गाडी जाताना पाहणेच येईल.

म्हणून काही गोष्टी करारातच लिहून घेतल्या पाहिजेत. परकीय आणि देशी गुंतवणुकीचे आकडे जिल्हानिहाय आणि तालुकानिहाय जाहीर व्हावेत. करार किती झाले हे नव्हे, कारखाने किती चालू आहेत आणि किती माणसे कायम वेतनावर आहेत, हे सांगितले जावे. सवलत घेणाऱ्या प्रत्येक उद्योगावर स्थानिक कापूस खरेदीचे प्रमाण, जिल्ह्यातील तरुण-तरुणींचे प्रशिक्षण आणि किमान मुदत यांचे बंधन असावे. ते मोडल्यास सवलत व्याजासह वसूल व्हावी. शेतकऱ्यांच्या सहकारी सूतगिरण्यांना आणि जिनिंग संस्थांना त्या उद्यानात बरोबरीची जागा मिळावी. विकास मंडळे पुन्हा कामाला लागावीत. यांतील एकही मागणी क्रांतिकारक नाही. बोखमच्या महापालिकेलाही ती रास्त वाटली असती.

१८४९ चा करार लंडनमध्ये झाला, तेव्हा वऱ्हाडच्या शेतकऱ्याला कोणी विचारले नव्हते. तो गुलाम देशाचा रयत होता. आज तो मतदार आहे. त्याच्या नावाने, त्याच्या जमिनीवर, त्याच्या करातून दिलेल्या सवलतींचे करार आजही त्याला न विचारता व्हावेत आणि त्याने ते वर्तमानपत्रात वाचून टाळ्या वाजवाव्यात, ही अपेक्षा लोकशाहीला शोभणारी नाही. चांदूरच्या स्टेशनावरून मालगाड्या दीडशे वर्षे जात आल्या आहेत. त्यांत काय भरले जाते आणि मागे काय उरते, याचा हिशेब मागण्याचा अधिकार फलाटावर उभ्या असलेल्या माणसाचा आहे. तो त्याने आता बजावला पाहिजे.